तेवीस नंबरचा पॉइंट

१

नवीन ऑफिस मांडताना सगळे आधी खुर्च्यांचा विचार करतात. मी भिंतींचा करते. संगणकाची केबल कुठून निघणार, छताच्या आतून कशी जाणार, कुठल्या खांबाला धरून खाली उतरणार, हे आधी कागदावर यावं लागतं. एकदा फर्निचरवाला काम करून गेला की भिंतीला हात लावायला कोणी देत नाही. पनवेलमध्ये हे काम मी २००३ पासून करते. माझं नाव तमार रोहेकर. आम्ही कोकणातले ज्यू, शनिवार पाळणारे. भाऊ इस्रायलला जाऊन पंधरा वर्षं झाली, मी आईबरोबर इथेच राहिले.

केबल ओढायचं काम अय्यूबभाईंचं. तरुणपणी ते माझ्या डॅडींच्या हाताखाली टेलिफोनच्या तारा जोडायला शिकले, मग अकरा वर्षं कुवेतला होते. मला ते अजून नावानेच हाक मारतात. शुक्रवारी दुपारी ते नसतात, शनिवारी मी नसते, रविवारी गिऱ्हाईक नसतं. आमचा आठवडा साडेचार दिवसांचा.

२००९ च्या जानेवारीत आम्ही नवीन पनवेलला एक हॉल घेतला. खांदा कॉलनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची नवी इमारत, दुसरा मजला. बंदरातल्या कंटेनरांची कागदपत्रं करणारी कंपनी तिथे येणार होती. हॉल साठ फूट बाय पस्तीस फूट, सरळ आयताकृती. दाराशी काचेची छोटी खोली, तिच्यात रॅक, म्हणजे सगळ्या केबली जिथे एकत्र येतात ते लोखंडी कपाट. तिथून चाळीस टेबलांना चाळीस केबली. सगळ्यात लांबचं टेबल मागच्या भिंतीशी, खिडकीखाली. नंबर तेवीस. रॅकपासून तिथपर्यंत माझी सव्वीस पावलं. छतापर्यंत चढ, पलीकडे उतार धरून केबल चोवीस मीटर.

काम झाल्यावर प्रत्येक केबल टेस्टरवर लावतात. टेस्टर एका टोकातून सिग्नल सोडतो आणि तो पलीकडून परत यायला किती वेळ लागला त्यावरून लांबी सांगतो. विहिरीत दगड टाकून खोली ओळखावी तसं. एकोणचाळीस केबली माझ्या कागदाला अर्ध्या मीटरच्या फरकाने जुळल्या. तेवीस नंबरला टेस्टरने आकडा दाखवला एकेचाळीस.

अय्यूबभाईंनी टेस्टर बंद करून परत सुरू केला. एकेचाळीस.

केबलच्या अंगावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. ते शिडीवर चढले, रॅककडच्या टोकाचा आकडा ओरडून सांगितला, एकशे सत्त्याऐंशी. मी टेबलाखाली वाकून दुसऱ्या टोकाचा वाचला, एकशे त्रेसष्ट. चोवीसच.

"वरती गुंडाळी राहिली असेल," मी म्हटलं.

"मी ठेवली नाही," ते म्हणाले. "आणि ठेवली असती तर ती छापील आकड्यात आली असती ना?"

बरोबर होतं. पण नव्वद मीटरपर्यंत केबल चालते. एकेचाळीस म्हणजे पासच. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट द्यायचा होता, आणि चाळीसातला एक आकडा वेगळा दिसला की गिऱ्हाईक दहा प्रश्न विचारतं. मी तेवीस नंबरपुढे चोवीस लिहिलं आणि सही केली.

२

ऑफिस सुरू होऊन तीन आठवडे झाले तेव्हा तिथल्या मॅनेजरांचा फोन आला. कृष्णकांत ठोंबरे, पन्नाशीचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. "बाकी सगळं उत्तम आहे," ते म्हणाले. "एक तेवीस नंबर जरा मागे पडतो."

तेवीस नंबरवर शांती ठाकूर नावाची मुलगी बसत होती. चिरनेरची, नुकतीच बी.कॉम. झालेली, पहिलीच नोकरी. मी टेबलाखाली शिरले तर तीही माझ्याबरोबर खाली वाकून बघायला लागली.

"मॅडम, माझ्याकडून काय बिघडलं नाय ना?"

"तुझ्याकडून काय बिघडणार? ही माझी केबल आहे."

टेस्टरने अठ्ठावन्न दाखवले.

मी दोन्हीकडचे सॉकेट बदलले. तेच. मग अय्यूबभाई म्हणाले, नवीनच टाकू. खोक्यातून पंचवीस मीटर केबल काढली, हॉलच्या जमिनीवर सरळ पसरली, तिथेच टेस्टर लावला. पंचवीस. जुन्या केबलच्या टोकाला नवी बांधून त्यांनी ती छतातून ओढून घेतली, खांबावरून खाली उतरवली, जोडली. त्रेसष्ट.

म्हणजे दोष केबलमध्ये नव्हता. टेस्टरमध्येही नव्हता, शेजारची बावीस नंबरची केबल तो बरोबर मोजत होता. यानंतर काय तपासायचं असतं ते मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

दुपारी शांतीने डबा उघडला आणि झाकणात कोळंबीचं सुकं काढून माझ्यापुढे सरकवलं. मी म्हटलं, आम्हाला कोळंबी चालत नाही, फक्त खवल्याचा मासा. तिला वाईट वाटलं असावं. पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा तिने जिताड्याची तुकडी वेगळ्या डब्यात आणली होती. "याला खवलं हायत," ती म्हणाली. "आईनं दाखवून मगच कापला." त्या दिवसापासून ती मला ताई म्हणायला लागली.

उतरताना जिन्यात अय्यूबभाई थांबले.

"तमार, ती केबल ओढताना जड लागली."

"कुठे अडकली होती?"

"अडकलेली केबल झटका देते. ही नुसती जड होती. लांब दोर विहिरीतून वर ओढताना लागतो तशी."

३

त्यानंतर मी कारण नसताना तिथे जायला लागले. ठोंबरेसाहेबांना सांगायचे, देखरेख. त्यांना बरंच वाटायचं.

आधी लक्षात आला तो आवाज. ठोंबरेसाहेब जागेवरूनच माणसांना हाक मारायचे. बाकीचे लगेच ओ द्यायचे. शांतीचा ओ यायला वेळ लागायचा. मी मनात मोजलं, चार. पुढच्या खेपेला सहा. ऑफिसातली मुलं हसायची, म्हणायची चिरनेरची एसटी आहे, उशिराच येणार. तीही हसायची, पण तिचं हसूही त्यांचं हसणं थांबल्यावर यायचं.

मी स्वतःला समजावलं. नवी मुलगी, बुजलेली. छताच्या फळ्या आवाज शोषून घेणाऱ्या होत्या, त्या मीच सुचवल्या होत्या. मधे जाडजूड खांब.

एकदा ती बँकेत गेली असताना मी तिच्या खुर्चीवर जाऊन बसले. समोर सगळा हॉल नेहमीसारखा दिसत होता. माणसं आपापल्या मापाची. पण बावीस नंबरवरचा मुलगा कीबोर्ड बडवत होता आणि तो आवाज शेजारच्या इमारतीतून यावा तसा येत होता. एसीची घरघर तर जवळजवळ नव्हतीच. तिच्याऐवजी मागून, पाठीकडून, काहीतरी बारीक सतत ऐकू येत होतं. पुष्कळ लोक एकाच वेळी हळूहळू टाईप करतात तसं. मागे वळून बघितलं. भिंत, खिडकी, खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचं वाळत घातलेलं धुणं.

उठून रॅककडे चालत गेले. सवयीने पावलं मोजली. एकतीस.

मी परत मोजायला गेले नाही. का ते मला तेव्हाही माहीत होतं.

शांती परत आल्यावर तिला विचारलं, "तुला इथे बरं वाटतं ना?"

"हो ताई. काम चांगलं हाय." थोडं थांबून म्हणाली, "फक्त हल्ली मी पाणी प्यायला उठत नाय. लांब पडतं."

पिण्याच्या पाण्याचं मशीन तिच्या टेबलापासून आठ फुटांवर होतं.

४

सतरा मार्चला टेस्टरने एकोणऐंशी दाखवले. मी ठोंबरेसाहेबांच्या समोर जाऊन बसले.

"साहेब, तेवीस नंबरचं टेबल हलवायला पाहिजे. आजच."

"का?"

"तिथली केबल बरोबर नाही."

त्यांनी खणातून माझाच रिपोर्ट काढला, चष्मा वर करून वाचला. "तेवीस नंबर, चोवीस मीटर, पास. खाली सही तुमची."

तो आकडा मी टेस्टरचा लिहिलेला नव्हता, हे मला तिथे सांगता आलं असतं. सांगायचं ठरवूनच आत गेले होते. पण त्यांच्या मागच्या भिंतीवर माझ्याच नकाशाची चौकट लावलेली होती, आणि मला कमीपणा वाटला.

"तेव्हा बरोबर होती," मी म्हटलं.

"रोहेकरबाई, मार्च अखेर आहे. सगळे टेबलाला खिळलेत. एक तारखेला तुम्ही म्हणाल तिथे टेबल हलवू. माझा शब्द."

दोन आठवडे. मी हो म्हटलं.

बाहेर अय्यूबभाई शिडीला टेकून उभे होते. त्यांना सांगितलं तर ते चिडले. त्यांना चिडलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय.

"दोन आठवड्यांत काय होईल ते त्या साहेबाला माहीत नाही. तुला माहीत आहे. खुदा के वास्ते, त्या मुलीला सांग तरी."

"काय सांगू? तुझं टेबल लांब चाललंय?"

मी शांतीजवळ गेले आणि म्हटलं, "तब्येत बरी नसेल तर चार दिवस रजा घे." ती बघत राहिली. मी आठपर्यंत मोजलं.

"नाय ताई," ती म्हणाली. "आता घरी पोचेपर्यंत परत निघायची वेळ होते. रजा घेऊन काय करू?"

मी तिला बोटाला धरून उठवायला हवं होतं. मी म्हटलं, "एक तारखेला टेबल हलवतोय," आणि घरी गेले.

५

अठ्ठावीस मार्च, शनिवार. जेवून आई आडवी झाली होती, मी तिच्या पायाशी बसले होते. शनिवारी मी फोन घेत नाही. तो चार वेळा वाजला तेव्हा आईच म्हणाली, घे.

ठोंबरेसाहेबांचा आवाज नेहमीसारखाच सावकाश होता. "शांतीच्या भावाचा फोन आला होता. काल ती घरी गेली नाही. मी म्हटलं, ती तर सकाळपासून इथे आहे, मला दिसतेय."

"मग?"

"मग मी तिला इंटरकॉमवर सांगितलं, घरी जा. ती म्हणाली, आले साहेब. तेव्हा एक वाजला होता. आता तीन वाजायला आलेत. ती उठलीय. चालतेय. तुम्ही या बरं."

मी आईकडे बघितलं. तिने फोन ऐकला नव्हता, माझा चेहरा बघितला होता. "माणसासाठी असेल तर शनिवार आड येत नाही," ती म्हणाली. "रिक्षा कर."

ठोंबरेसाहेबांनी अय्यूबभाईंनाही बोलावलं होतं, ते जिन्याच्या तळाशीच भेटले. बाकीचा स्टाफ अर्धा दिवस करून गेला होता. हॉलमध्ये सगळे दिवे चालू, खिडकीतून लख्ख ऊन. ठोंबरेसाहेब रॅकच्या खोलीबाहेर उभे होते, हॉलकडे पाठ करून.

"मला सारखं बघवत नाही," ते म्हणाले. "तुम्ही बघा. मला सांगा."

मी बघितलं. हॉल साठ फुटांचाच होता. मागची खिडकी होती तेवढीच. तेवीस नंबरची खुर्ची मागे सरकवलेली होती, रिकामी. टेबलांच्या मधल्या वाटेवरून शांती आमच्याकडे चालत येत होती. हिरवा ड्रेस, खांद्याला पर्स. ती माझ्या करंगळीएवढी होती.

बाहुली लहान असते तशी ती लहान नव्हती. लांबचं माणूस लहान दिसतं, तशी. तिचे पाय हलत होते, नीट, एकापुढे एक, आणि ती तिथल्या तिथेच होती.

"या अल्लाह," अय्यूबभाई हळूच म्हणाले. मग लगेच त्यांचा कामाचा आवाज आला. "तेवीसची केबल काढू नका. साहेब, रॅकला कोणी हात लावू नका."

"का?" मी विचारलं.

"माहीत नाही. जे जोडलेलं आहे ते राहू दे."

त्यांनी पिशवीतून केबल ओढायची नायलॉनची दोरी काढली आणि एक टोक माझ्या मनगटाला बांधलं. कशाला, हे ना मी विचारलं ना त्यांनी सांगितलं. मी खोलीच्या दारातून निघाले.

सव्वीस पावलांपर्यंत टेबलांचे नंबर वाचता येत होते. नऊ, दहा, अकरा. त्यानंतर बारा बराच वेळ आला नाही. पन्नासच्या पुढे एसीचा आवाज गेला. शंभरनंतर मी मोजणं सोडलं, कारण मोजण्याने भीती कमी होत नव्हती. ऊन तसंच होतं. पायाखाली फरशी तीच, दोन फुटांची, पांढरी, मीच पास केलेली. मनगटाची दोरी मागे ताठ होत होती आणि सैल होत होती. एकदा वळून बघायची इच्छा झाली. बघितलं असतं तर मी पुढे गेले नसते.

शांती हळूहळू मोठी होत गेली. मनगटाएवढी, मग हाताएवढी. मग तिचा चेहरा दिसला. चपलेचा पट्टा तुटला होता, दोन्ही चपला तिने हातात धरल्या होत्या.

"ताई," ती म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "किती दिवसांनी आलात."

मी तिला अकरा दिवसांपूर्वी भेटले होते. मी तिचा हात धरला. त्या वेळी माझी नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली.

मागची भिंत होती तिथे भिंत नव्हती. टेबलांची रांग तशीच पुढे गेली होती. प्रत्येक टेबलावर चालू स्क्रीन, प्रत्येकासमोर कोणीतरी, आमच्याकडे तोंड करून, मान खाली घालून. रांग किती लांब होती ते मी सांगू शकत नाही. पहिल्याच टेबलावरून कोणीतरी मान वर केली आणि हात उंचावला. दुकानात गर्दी असली की आपण आपल्याकडे लक्ष जावं म्हणून करतो, तसा.

मी शांतीला ओढत फिरवलं आणि चालायला लागले.

६

"गेलात आणि आलात," ठोंबरेसाहेब म्हणाले. "चहासुद्धा निवला नाही."

अय्यूबभाईंनी तळवे उघडून दाखवले. दोन्ही हातांवर दोरीने सोलून निघालेले पट्टे. दोनशे मीटरची दोरी संपली तशी त्यांनी तिच्या टोकाला खोक्यातली केबल बांधून सोडली होती. "पळत होती हातातून," ते म्हणाले. "मोठ्या माशाने गळ ओढावा तशी." खोक्यात केबलचे चार वेढे उरले होते.

शांतीने पाणी मागितलं. तिच्या हातात ग्लास दिला तेव्हा मला तिची नखं दिसली. बोटाच्या पेराएवढी वाढलेली, टोकांना वळलेली. ती स्वतःही बघत होती. ठोंबरेसाहेबांनी खणातून नेलकटर काढून दिलं आणि तिने तिथेच बसून, कागद पसरून, शांतपणे नखं कापली.

रिक्षाने मी तिला चिरनेरला घरी सोडलं. तिच्या आईने तिला बघून आधी ओरडायला तोंड उघडलं, मग नुसतंच जवळ घेतलं.

सोमवारी मी ठोंबरेसाहेबांना खरं सांगितलं. पहिल्या दिवशीच आकडा एकेचाळीस होता, मी चोवीस लिहिला.

"मला तिचा ओ उशिरा पोचत होता," ते म्हणाले. "दीड महिना. मी पण कुठे लिहून ठेवलं नाही."

टेबल हलवलं. केबल मात्र अय्यूबभाईंनी कापू दिली नाही, सॉकेटवर नुसतं झाकण बसवलं. नवा रिपोर्ट मी केला. त्यात तेवीस नंबरपुढे टेस्टरने दाखवलेले सगळे आकडे तारखांसकट लिहिले.

७

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी चिरनेरला गेले. शांतीने नोकरी सोडली होती. ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती, रंग सुधारला होता. मला बघून लगेच हाक मारली, लगेच हसली. मला इतकं हायसं वाटलं की मी ओट्यावर बसूनच गेले.

तिची आई चहा करायला आत गेली. शांतीने आवाज खाली आणला.

"ताई, त्या बाईंना कोणी आणलं का?"

"कुठल्या बाई?"

"माझ्या मागच्या टेबलावरच्या. वसुंधराबाई."

"शांती, तुझ्या मागे भिंत होती."

"हो, भिंतच होती," ती म्हणाली, जणू तेच सांगत होती. "लई चांगली बाई. मला घाबरू नको म्हणायची. ती म्हणायची, तुला कोणी न्यायला आलं तर त्यांना माझं नाव सांग. मला कोणी हाक मारत नाय म्हणून मी बसलेय. हाक आली तर मी आपली आपण चालत येईन."

तो उंचावलेला हात मी कोणालाही सांगितलेला नव्हता. अय्यूबभाईंनाही नाही.

"तुमी आलात तेव्हा मी सांगायला पाहिजे होतं," शांती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझ्या लक्षातच नाय राहिलं. मला घरी जायचं होतं."

"आडनाव? कुठल्या गावची?"

"ते आमी बोललो नाय कधी."

चहा आला. मी तो प्यायले.

८

गुरुवारी सकाळी मी ऑफिसात गेले. ठोंबरेसाहेबांना शांती काय म्हणाली ते सांगितलं. ते उठले आणि माझ्याबरोबर मागच्या भिंतीपर्यंत चालत आले. आता तिथे रिकामी जागा होती. अकरा वाजून पाच मिनिटांनी मी भिंतीकडे तोंड करून, कोणाला जेवायला बोलवावं तितक्याच आवाजात म्हटलं, "वसुंधराबाई!"

काही झालं नाही. बावीस नंबरवरच्या मुलाने मान वर केली आणि परत खाली घातली. आम्ही पाच मिनिटं थांबलो, दहा थांबलो. मला खूप हलकं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. ठोंबरेसाहेबांनी चहा मागवला. त्यांच्या मुलीच्या बारावीबद्दल बोललो. मी पर्स उचलली तेव्हा भिंतीतून, अगदी बारीक, पण स्पष्ट, बाईचा आवाज आला.

"ओ."

घड्याळात अकरा सत्तावीस झाले होते.

ठोंबरेसाहेबांनी हातातली बशी खिडकीत ठेवली.

मी हिशेब केला. दुसरं काही सुचत नव्हतं. हाक जायला अकरा मिनिटं, ओ यायला अकरा. आवाज सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर जातो. म्हणजे दोनशे चोवीस किलोमीटर. इथून साताऱ्याच्या जरा पुढे. माणूस तासाला चार किलोमीटर चालतं. रोज दहा तास चालली तर सहावा दिवस. मधल्या काळात अंतर वाढलं नाही असं धरून.

"म्हणजे मंगळवार," ठोंबरेसाहेब म्हणाले.

सोमवारपासून अय्यूबभाई आणि मी तिथे जाऊन बसलो. स्टाफला सांगितलं होतं, नेटवर्कचं काम चालू आहे. ठोंबरेसाहेबांनी त्या कोपऱ्याला फळीचा आडोसा करून दिला आणि भिंतीसमोर एक खुर्ची मांडली, हात असलेली, केबिनमधली. शेजारी स्टुलावर पाण्याचा तांब्या. अय्यूबभाईंच्या तळव्यांवर अजून पट्ट्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "कोण असेल ग ही?" मी म्हटलं, "माहीत नाही." "आपण हाक मारायला नको होती का?" मी म्हटलं, तेही माहीत नाही. शांतीला घाबरू नको म्हणालेली बाई, यापलीकडे आमच्याजवळ तिची काही माहिती नव्हती.

मंगळवार गेला. बुधवारी दुपारी साडेतीनला एसीच्या आवाजाखाली दुसरा आवाज सुरू झाला. आधी तो वरच्या मजल्यावरचा वाटला. मग कळलं, चपला. फरशीवर दमून ओढत टाकलेली पावलं, थांबत, परत सुरू होत. भिंतीच्या पलीकडे त्या बाजूला जिना नाही, गच्ची नाही, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर नुसती हवा आहे.

अय्यूबभाई उठले. भिंतीला कान लावून उभे राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आधी त्यांनी मान डोलावली, येतेय म्हणून. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. ते ऐकत राहिले. ओठ हलत होते, ते मोजत होते. एका टप्प्यावर ओठ थांबले.

आडोशाच्या फटीतून ठोंबरेसाहेब आत डोकावले. त्यांनी भुवया उंचावून विचारलं, काय?

अय्यूबभाईंनी कान भिंतीवरून काढला नाही.

"साहेब," ते म्हणाले, "खुर्च्या अजून लागतील."